गुडघ्यातून वाहणारा नासूर: कसा ओळखायचा, कसा बरा करायचा, कागदावर कसा लिहायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अस्थिरोग विभागात नव्याने रुजू झालेले ज्युनियर डॉक्टर, ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर आणि विमा-रेकॉर्डच्या टेबलावर बसणारी मुलंमुली, अशा तिघांसाठी हा लेख आहे. तिघांची कामं वेगळी, पण चूक एकच होते. सगळे कातडीवरच्या भोकाकडे बघत बसतात. ड्रेसिंग भोकाचं होतं, कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) भोकातलाच पू जातो आणि शेवटी विमा-रेकॉर्डसाठीचा आजाराचा कोडही भोकाचाच पडतो. आजार मात्र दोन-चार सेंटिमीटर आत, सांध्यात किंवा हाडात बसलेला असतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. सांध्याच्या पोकळीपासून कातडीपर्यंत आरपार वाट झाली असेल तर ती फिस्टुला. आत कुठेतरी बंद होणारी, सांध्यापर्यंत न पोचणारी वाट म्हणजे सायनस. वॉर्डात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण केसपेपरवर तसं चालत नाही, कारण पुढचा कोड त्यावरच ठरतो. रुग्णाशी बोलताना मात्र दोन्ही शब्द टाळा. ‘सायनस’ म्हटलं की तो नाकाला हात लावतो आणि ‘फिस्टुला’ म्हटलं की त्याला भगंदर आठवतं. ‘नासूर’ किंवा ‘सांध्यातून वाहणारं भोक’ म्हणा, लगेच कळतं.

आधी विचारा, मग हात लावा

सगळ्यात कामाचा प्रश्न हा: गुडघा वाकवला, उठाबशी केली की जास्त वाहतं का? ‘हो, मांडी घातली की धोतर भिजतं’ असं उत्तर आलं तर वाट सांध्यापर्यंत गेल्याची शक्यता खूप वाढते. मग काय वाहतं ते विचारा. पिवळसर, पारदर्शक, बोटाला चिकटून तार सुटणारं पाणी हे सांध्यातलं वंगण. घट्ट पू वेगळा, दह्याच्या चोथ्यासारखे कण टीबीकडे बोट दाखवतात. हाडाची कपची बाहेर पडली असेल तर आत मेलेलं हाड आहे. खसखशीएवढे काळे किंवा पांढरे दाणे पडत असतील तर अनवाणी शेतात राबणाऱ्यांना होणारा मायसेटोमा हा जुनाट संसर्ग डोक्यात आणा.

किती दिवसांपासून, हे महिन्यांत लिहून घ्या. दहा-पंधरा वर्षं वाहणाऱ्या भोकाला अलीकडे वास येऊ लागला, दुखू लागलं, रक्त येऊ लागलं किंवा कडेला फुलकोबीसारखी वाढ दिसली, तर कडेचा तुकडा बायोप्सीला जायलाच हवा. जुनाट नासुराच्या कडेला कॅन्सर होतो आणि तो ‘जुनंच आहे’ या समजुतीखाली झाकला जातो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर महिना आणि वर्ष विचारा आणि जुने कागद मागवून घ्या. इथले रुग्ण मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोवा असे फिरून आलेले असतात. कृत्रिम सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर त्या जुन्या फाइलीतच सापडतात आणि सांधा काढायची वेळ आली की तेच लागतात. साखर, घरात कुणाला टीबी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं हे विचाराच. ऊसतोडीत कोयता लागला होता का, बाभळीचा किंवा शिंदीचा काटा मोडून आत राहिला होता का, हेही. काट्याचा तुकडा एक्स-रेत दिसत नाही आणि रुग्ण तो सहा महिन्यांपूर्वीच विसरलेला असतो. गुरं पाळणारा, कच्चं दूध पिणारा असेल तर ब्रुसेला (जनावरांकडून येणारा जंतू) तपासा. साखर असलेला माणूस कारवार-जोयडा बाजूला भातशेतीत चिखलात राबत असेल तर मेलिऑइडोसिस या माती-पाण्यातल्या जंतूच्या आजाराची शंका लॅबला लेखी कळवा. तो जंतू साध्या कल्चरमध्ये ‘स्यूडोमोनास’ म्हणून सुटून जाऊ शकतो, आणि लॅबमधल्या माणसालाही त्याचा धोका असतो.

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बघायला मागा. अर्धवट घेतलेलं अँटिबायोटिक हे कल्चर कोरं येण्याचं नेहमीचं कारण आहे.

पुण्या-मुंबईकडून आलेल्यांसाठी एक भाषेची गोष्ट. कन्नड बोलणारा रुग्ण ‘बल’ म्हणाला तर उजवा आणि ‘एड’ म्हणाला तर डावा. मोणकालु म्हणजे गुडघा, कीवु म्हणजे पू. ‘बल’ ऐकून ताकदीबद्दल बोलतोय असं समजून मान डोलवू नका. बाजू ऐकून नाही, रुग्णाला त्या गुडघ्यावर हात ठेवायला सांगून लिहायची.

तपासताना

दोन्ही गुडघे मांडीपर्यंत उघडे करून बघा. भोक कुठे आहे, किती आहेत, कड कशी आहे हे चित्र काढून नोंदवा. निळसर, आतून पोखरलेली कड टीबीत दिसते. भोकाच्या तोंडाशी लालभडक मांसाचा कोंब असेल तर आत मेलेलं हाड किंवा परकी वस्तू असण्याची शक्यता जास्त. कातडी आत ओढली जाऊन हाडाला चिकटलेली असेल तर जुना ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडातला संसर्ग. वाटीच्या अगदी पुढ्यात, वरवरचं भोक आणि खाली गुडघा मोकळेपणी वाकतोय, दुखत नाही, असं असेल तर आजार वाटीपुढच्या बर्साचा (कातडीखालच्या पाण्याच्या पिशवीचा) असू शकतो, सांध्याचा नव्हे. फरशी पुसणाऱ्या, फरशी बसवणाऱ्या लोकांत हे दिसतं.

जांघेतल्या गाठी, पायाच्या नाड्या आणि गुडघा किती अंशात अडकलाय हे लिहा. भोकात सळई घालून खोली मोजायचा मोह आवरा. ओपीडीत केलेली आंधळी चाचपणी बाहेरचे जंतू आत नेते, आणि कृत्रिम सांधा असेल तर तिथे मुळीच नको.

नमुना: इथेच सगळं बिघडतं

भोकाच्या तोंडावरून स्वॅब घेऊन कल्चरला पाठवणं हा सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी रिवाज आहे. तोंडाशी कातडीवरचे जंतू वस्तीला असतात. त्यांचाच रिपोर्ट येतो, त्यावर महागडं अँटिबायोटिक चालू होतं आणि आतला खरा गुन्हेगार तसाच राहतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला तर त्याला थोडी किंमत द्या, बाकीच्यांना नाही.

योग्य पद्धत अशी. रुग्ण स्थिर असेल, ताप-थंडी नसेल, तर अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवा. सेप्सिस (अंगभर पसरलेला संसर्ग) दिसत असेल तर थांबायचं नाही, रक्ताचं कल्चर घेऊन उपचार चालू करायचे. सांध्यातलं पाणी नेहमी भोकापासून लांब, निरोगी कातडीतून काढायचं. सहसा वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई जाते. भोक तिथेच असेल तर वरच्या आतल्या कोपऱ्यातून घ्या. भोक निर्जंतुक ड्रेसिंगने झाका, कातडीला क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट लावा आणि ते पूर्ण वाळू द्या. घाईत ओल्या कातडीतून सुई घालणं ही नेहमीची चूक. १८ नंबरची सुई, २० मिलीची सिरिंज. भूल फक्त कातडीत द्या. लिग्नोकेन सांध्यात गेलं तर जंतूंची वाढ दबते.

आलेलं पाणी लगेच वाटून घ्यायचं: १ ते २ मिली जांभळ्या बुचाच्या इडीटीए ट्यूबमध्ये पेशी मोजायला, थोडं निर्जंतुक बाटलीत ग्राम स्टेन, टीबी आणि स्फटिकांसाठी, उरलेलं रक्त-कल्चरच्या बाटलीत. पाणी आलंच नाही तर सलाइन आत सोडून परत ओढून पेशी मोजायच्या नाहीत. आकडा पातळ होतो आणि खोटा दिलासा मिळतो.

आकडे वाचताना एक फरक लक्षात ठेवा. स्वतःच्या सांध्यात मिलीमीटर घनामागे ५०,००० च्या वर पांढऱ्या पेशी असतील तर जंतुसंसर्ग दाट संभवतो. टीबीत आकडा पुष्कळदा यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून कमी आकड्याने टीबी निकाली निघत नाही. कृत्रिम सांध्यात तर जुन्या संसर्गासाठी ३,००० पेशी आणि त्यांत ८० टक्के न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एवढी खालची रेषा आहे. सोबत सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्या: सीआरपी लिटरला १० मिग्रॅच्या वर आणि ईएसआर तासाला ३० च्या वर. खरं तर कृत्रिम सांध्यापर्यंत पोचणारी वाट सिद्ध झाली की संसर्गाचं निदान तिथेच झालं. हा आंतरराष्ट्रीय निकषांतला मोठा निकष आहे आणि तो एकटाच पुरतो. मग पाणी तपासायचं ते संसर्ग आहे का म्हणून नव्हे, जंतू कोणता म्हणून.

टीबीसाठी सीबीनॅट (जंतूचे जनुक शोधणारी झटपट तपासणी) पाठवा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नका. सांध्याच्या आवरणाचा तुकडा पॅथॉलॉजी आणि टीबी-कल्चर दोन्हीकडे जायला हवा. हे द्रव-कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागतात. कृत्रिम सांध्याचं साधं कल्चरही १४ दिवस ठेवायला लॅबला लेखी सांगा, नाहीतर ते दोन दिवसांत ‘वाढ नाही’ म्हणून टाकून देतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून कल्चरला पाठवण्याचा प्रकारही होतोच. कल्चरचा तुकडा कोरड्या निर्जंतुक बाटलीत, पॅथॉलॉजीचा फॉर्मलिनमध्ये. दोन बाटल्या, दोन लेबलं.

वाट कुठे जाते

पहिला एक्स-रे, समोरून आणि बाजूने. मेलेलं हाड आजूबाजूच्या हाडापेक्षा पांढरं दिसतं. टीबीत सांध्याजवळचं हाड विरळ होतं, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि फट सावकाश कमी होते. कृत्रिम सांधा नसेल तर एमआरआय वाटेचा नकाशा चांगला देतो. शंका उरलीच तर सायनोग्राम: पातळ नळीने पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट हळू सोडायचं आणि ते सांध्यात पसरतं का ते बघायचं. जोर लावला की ते खोट्या वाटांनी मांसात शिरतं आणि चित्र फसवं होतं.

उलट बाजूने, म्हणजे सांध्यात सलाइन भरून ते भोकातून बाहेर येतं का, हेही बघता येतं. कोयत्याच्या ताज्या जखमेत ही चाचणी करताना ४०-५० मिलीवर थांबू नका. छोटी फाट पकडायला दीडशे मिली आणि कधी त्याहून जास्त लागतं. सलाइन बाहेर आलं तर उत्तर पक्कं, न आलं तर शंका कायम.

उपचार: कारणाप्रमाणे

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाक्याच्या छिद्रातून नुसतं वंगण वाहत असेल आणि संसर्ग नाही हे नक्की झालं असेल, तर एक-दोन आठवडे गुडघा सरळ पट्टीत बांधून ठेवल्यावर बहुतेक वेळा भोक मिटतं. नाही मिटलं तर वाट कापून थर-थर करून शिवावी लागते.

सांध्यात पू असेल तर तो धुऊन काढणं हाच उपचार, गोळ्या नंतर. वाट लंबगोल छेदाने मुळापर्यंत कापून काढतात. ती नीट दिसावी म्हणून पातळ केलेलं मिथिलीन ब्लू थोडंसं सोडतात, पण ते जोरात मारलं तर अख्खं मैदान निळं होतं. कापलेली वाट फेकू नका, पॅथॉलॉजीला पाठवा. आतले पाच तुकडे, प्रत्येकासाठी वेगळा चिमटा-ब्लेड. साध्या स्टॅफवर (स्टॅफिलोकॉकसवर) सेफाझोलिन २ ग्रॅम दर आठ तासांनी, मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफवर व्हॅन्कोमायसिन किलोमागे १५ ते २० मिग्रॅ दर आठ ते बारा तासांनी, ग्रॅमला किमान एक तास लावून. घाईत सोडलं की मान-छाती लाल होऊन खाजते आणि ‘ॲलर्जी’ची चुकीची नोंद रुग्णाच्या कपाळी कायमची बसते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) बघत राहा. एकूण उपचार साधारण चार ते सहा आठवडे, हाड गुंतलं असेल तर सहा.

टीबी असेल तर सुरीची घाई नको. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात औषधं मोफत आहेत. दोन महिने चार औषधं, पुढे रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, एथाम्ब्युटॉल; हाडा-सांध्यासाठी एकूण किमान १२ महिने, गरज पडली तर १८. एकत्रित गोळ्या वजनावर: ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ किलोला ४. एथाम्ब्युटॉल दीर्घकाळ चालणार म्हणून लाल-हिरवा रंग नीट दिसतो का ते दर भेटीत विचारा. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी खाजगी दवाखान्यालाही बंधनकारक आहे. तिच्यावरच रुग्णाला पोषणाचे महिना १,००० रुपये मिळतात, ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून वाढली. औषध लागू पडलं की भोक आपोआप कोरडं पडतं. त्यानंतर रुग्ण गोळ्या सोडतो, खरा धोका तोच.

कृत्रिम सांध्यात नासूर झाला की ‘धुऊन बघू’ हा मार्ग बंद. सांधा जागेवर ठेवून धुण्याचा उपाय ताज्या संसर्गासाठी आणि भोक नसतानाच चालतो. सहसा दोन टप्प्यांत काम होतं: सांधा आणि सिमेंट पूर्ण काढायचं, औषधी सिमेंटचा स्पेसर (तात्पुरता ठोकळा) घालायचा, सुमारे सहा आठवडे अँटिबायोटिक, संसर्ग आटोक्यात आल्यावर नवा सांधा. जंतू माहीत असेल आणि कातडी-मांस चांगलं असेल तर काही ठिकाणी एकाच टप्प्यात करतात. कातडी उरली नसेल तर पोटरीचा आतला स्नायू फिरवून आणावा लागतो, म्हणून प्लास्टिक सर्जनशी आधीच बोला. अगदीच थकलेल्या रुग्णाला दीर्घकाळ गोळ्यांवर ठेवून भोक वाहतं ठेवणं, हाही एक प्रामाणिक निर्णय असू शकतो. रिफाम्पिसिन कधीही एकटं देऊ नका, आणि टीबी नाही याची खात्री होण्याआधी मुळीच नाही.

सिस्टरांसाठी: ड्रेसिंग सलाइन आणि गॉजचं, रोज किती गॉज भिजले याचा आकडा शीटवर. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. भोकात गॉज ठासून भरला की पू आत कोंडतो आणि रात्री ताप येतो. घरी चुना-गुळाचा लेप, बिब्बा, डाग देणं हे झालं होतं का ते न रागावता विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

आता कागद

आपल्याकडच्या रेकॉर्डमध्ये सहसा जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० (आजारांच्या कोडची यादी) वापरतात, तर बेळगावात बसून अमेरिकेच्या बिलांचं काम करणारे त्याची अमेरिकन आवृत्ती वापरतात. दोन्हींची सरमिसळ हा नवख्यांचा पहिला घोटाळा.

जागतिक आवृत्तीत सांध्याचा फिस्टुला म्हणजे एम२५.१ आणि जागेचा पाचवा आकडा ६, म्हणजे एम२५.१६. या ६ चं नाव ‘पायाचा खालचा भाग’ असं असलं तरी गुडघ्याचा सांधा त्यातच मोडतो. त्यात उजवं-डावं नाही, ते निदानाच्या वाक्यात लिहायचं. अमेरिकन आवृत्तीत उजव्यासाठी एम२५.१६१, डाव्यासाठी एम२५.१६२, बाजू न लिहिलेल्यासाठी एम२५.१६९. दोन्ही गुडघ्यांचा एकत्र कोड नाही, दोन वेगळे लावायचे. १६९ लावायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघ्याची बाजू माहीत नाही असं सहसा होत नाही, कुणीतरी लिहायचं विसरलेलं असतं.

पण हा कोड एकटा आणि पहिला क्वचितच शोभतो. आधी कारण. समजा, निपाणी भागातल्या ६२ वर्षांच्या बाई, उजवा गुडघा बदललेला, भोक सांध्यापर्यंत गेल्याचं ऑपरेशनच्या नोंदीत स्पष्ट, तुकड्यांत मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ. अमेरिकन पद्धतीत पहिला टी८४.५३एक्सए, मग जंतूसाठी बी९५.६२, मग एम२५.१६१. शेवटचं ‘ए’ म्हणजे उपचार जोमाने चालू आहेत, ‘पहिली भेट’ नव्हे. दुसऱ्या टप्प्याच्या भरतीलाही तो लागू शकतो. जागतिक पद्धतीत टी८४.५, सोबत वाय८३.१. त्याच बाईंना टीबी निघाला असता तर ही साखळीच बदलली असती. स्वतःच्या सांध्याच्या टीबीत जागतिक पद्धतीत ए१८.० आधी आणि जोडीला एम०१.१६, अमेरिकन पद्धतीत ए१८.०२.

वाहत्या सायनससह जुनाट ऑस्टिओमायलायटिससाठी एम८६.४ आहे. कोडच्या नावातच वाहणं आलं, म्हणून वाट फक्त हाडापर्यंत असेल तर एम२५.१६ वर चढवू नका. ऑपरेशननंतर न मिटलेल्या वाटेसाठी अमेरिकन आवृत्तीत टी८१.८३एक्सए. संसर्गित बर्सासाठी एम७१.१, मायसेटोमासाठी बी४७. कागदावर नुसतं ‘गुडघ्याला सायनस’ असेल आणि सांध्याचा उल्लेख नसेल तर एम२५.१६ लावायचा अधिकार कोडरला नाही. ‘वाट सांध्यात उघडते का, आणि ते कशावरून कळलं’ असा लेखी प्रश्न डॉक्टरांकडे पाठवा.

योजनेच्या पैशाचं गणित वेगळं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात पैसे पॅकेजच्या कोडवर ठरतात, आयसीडीवर नाही. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. नियोजित मोठ्या ऑपरेशनसाठी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, ते भरतीआधी हातात हवं. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे. रुग्ण मिरज-कोल्हापूरकडे निघाला असेल तर त्याच्या गावाचं नाव यादीत आहे का, कोणते दाखले लागतील, हे तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) फोनवर विचारूनच गाडी करा.

दावा परत येतो तो बहुधा तीन गोष्टींवरून: डिस्चार्ज कार्डावर उजवा आणि एक्स-रेवर डावा, ‘फिस्टुला’ लिहिलंय पण सायनोग्राम, एमआरआय किंवा ऑपरेशनची नोंद जोडलेली नाही, आणि सहा आठवड्यांच्या इंजेक्शनला कल्चरचा आधार नाही. शेवटची अडचण अशी की रुग्ण दहाव्या दिवशी घरी जातो आणि कल्चरचा अंतिम रिपोर्ट चौदाव्या दिवशी येतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी फाइलीवर रिपोर्टची अपेक्षित तारीख लाल पेनाने लिहा, रजिस्टरमध्ये नोंदवा आणि त्या दिवशी लॅबला स्वतः फोन करा. जंतू बदलला तर डॉक्टरांकडून पुरवणी नोंद घ्या, कोड दुरुस्त करा, आणि रुग्णाला बोलावून घ्या, कारण कोडबरोबर त्याचं औषधही बदलायचं असतं.